मूडल आणि व्हिडिओ वर्गाचं एकच लॉगिन : आठ महिन्यांचा अनुभव

जूनपासून आमच्या कॉलेजात मूडलला, म्हणजे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याच्या प्रणालीला, व्हिडिओ मीटिंगची सेवा एलटीआय १.३ ने जोडली आहे. एलटीआय हे अशा जोडणीचं ठरलेलं मानक; मूडलवर लॉगिन केलं की मीटिंगसाठी वेगळं लॉगिन लागत नाही. पहिले दोन महिने मी ज्याला त्याला सांगत होते, ही जोडणी घेऊ नका. आज तसं म्हणणार नाही. पण मधल्या काळात जो मनस्ताप झाला तो टाळता आला असता, म्हणून लिहिते आहे.

अँड्रॉइडवाली मुलं लिंक दाबली की थेट वर्गात यायची. आयफोनवाल्यांना मात्र कोरी चौकट, नाहीतर पुन्हा लॉगिनचं पान. सेवा बसवून देणाऱ्यांचं दर वेळी एकच उत्तर : कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फाइली) साफ करा. तीनदा साफ केला. मग त्यांनी वर्षाला अठरा हजारांचा सपोर्ट करार पुढे केला. तेवढ्या पैशांत प्रयोगशाळेला दोन चांगले माइक आले असते. मी नाही म्हटलं आणि स्वतःच शोधायला बसले.

दोष आयफोनचाही नव्हता आणि मूडलचाही. मीटिंगचं पान मूडलच्या पानातच चौकटीत उघडत होतं. लॉगिन सुरू होताना मीटिंगची सेवा ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे खुणेची छोटीशी नोंद, ठेवते. मूडल सही केलेलं टोकन, म्हणजे या माणसाची डिजिटल ओळखचिठ्ठी, परत पाठवतं, तेव्हा ते त्या कुकीशी पडताळलं जातं. चौकटीतल्या सेवेची कुकी म्हणजे ब्राउझरच्या लेखी तिऱ्हाइताची कुकी, आणि आयफोनमधला सफारी ब्राउझर २०२० च्या मार्चपासून अशा सगळ्या कुकी अडवतं. पडताळायला काही उरतच नाही, मग मूल वर्गाबाहेर!

उपाय मूडलच्याच सेटिंगमध्ये होता. जोडलेल्या सेवेला मूडल 'टूल' म्हणतं. त्या टूलच्या सेटिंगमधलं 'लाँच कंटेनर' (पान कुठे उघडायचं ते) हे 'एम्बेड' म्हणजे चौकटीवरून 'न्यू विंडो'वर नेलं. पान स्वतंत्र उघडलं की कुकी त्या सेवेची स्वतःची ठरते. त्याच संध्याकाळी एका मुलीचा मेसेज आला, "मॅडम, आले आत." खरंच डोळ्यांत पाणी आलं. ती पोर दोन महिने मैत्रिणीच्या फोनवर तास ऐकत होती.

आणखी एक अडचण होती, ती लवकर सुटली. मूडलवर माझा कॉलेजचा ईमेल, मीटिंगच्या खात्यावर जीमेल. आमच्या जोडणीत माणूस ईमेलवरून ओळखला जातो, त्यामुळे स्वतःच्याच तासाला मला 'होस्ट येईपर्यंत थांबा' दिसायचं. दोन्हीकडे एकच ईमेल ठेवला आणि ते थांबलं.

आता पाचपैकी चार गुण देते. हजेरीत मुलांची खरी नावं येतात, पासवर्ड विसरल्याचे फोन बंद झाले. एक गुण कापला तो कॅशे साफ करायला लावणाऱ्यांसाठी. त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं.

ज्यांनी एखाद्या तासाच्या लिंकमध्ये 'एम्बेड' मुद्दाम निवडलं असेल, तिथे टूलची सेटिंग बदलूनही फरक पडत नाही. आमच्याकडे अशा सहा लिंक निघाल्या. प्रत्येक उघडून हातानेच बदलावी लागली.