सीएसआरमधून मिळालेलं पॅनल आणि ट्रेनिंग: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

आमची चोपडा तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, पट साठच्या आसपास. मागच्या वर्षी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून (कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल (बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा), इन्व्हर्टर आणि शिक्षकांचं ट्रेनिंग असं सगळं मिळालं. बाकीच्या शाळांचे सर-मॅडम विचारत असतात की प्रस्ताव टाकावा का, म्हणून सविस्तर लिहितोय.

पॅनल दणकट आहे, टच मस्त, मागच्या पोरांनाही नीट दिसतं. त्याबद्दल तक्रार नाही.

खरा विषय ट्रेनिंगचा. बसवायला आलेल्या माणसाने दोन तासांत सगळी बटणं दाखवली, फोटो काढला आणि गेला, मग दिवाळीपर्यंत पॅनलवर यूट्यूबच्या कविता सोडून काही चाललं नाही. निधीत ट्रेनिंगचे पैसे वेगळे होते म्हणून मुख्याध्यापकांनी पाठपुरावा केला आणि शेजारच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) एक मॅडम पंधरा दिवसांनी एकदा यायला लागल्या. त्या स्वतः चौथीला शिकवतात. त्यांनी ॲप वगैरे काही शिकवलं नाही, सरळ आमच्याच वर्गात अपूर्णांक घेतला. पॅनलवर भाकर काढली, पोरं बोटाने तुकडे ओढतायत, एक चतुर्थांशावर दोन अष्टमांश ठेवून बघतायत, आणि एरवी गणितात तोंड न उघडणारी एक पोरगी म्हणे, "सर, दोन्ही सारखंच शे!" पाठ झाल्यावर मॅडम आमच्यासोबत बसून कुठे अडलं ते बोलायच्या. नवीन शैक्षणिक धोरणात (२०२०) शिक्षकाला वर्षाला ५० तास प्रशिक्षण सांगितलंय, निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे कोर्स दीक्षा या ऑनलाइन पोर्टलवर होतातही, पण वर्गात मागे बसून आपला पाठ बघणारं माणूस मिळालं की फरक लगेच कळतो.

आता खर्चाचं. ३१ ते १०० पटाला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत संयुक्त अनुदान, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला, उरलेल्यात लाइट बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती. वॉरंटी संपल्यावर पॅनलचा बोर्ड गेला तर कुठून भरायचं? ठरावीक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना कायद्याने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात, पैसा आहे, पण आपण प्रस्तावात फक्त वस्तू लिहिल्या तर वस्तूच येतात. म्हणून देखभाल, इन्व्हर्टरची बॅटरी आणि वर्षभराचं ट्रेनिंग प्रस्तावातच लिहा, आणि वाढीव वॉरंटी मागाच. एप्रिलमध्ये इकडे ऊन असतं कसं आणि लाइट जाते किती ते सांगायला नको, इन्व्हर्टर नसता तर पॅनल भिंतीवर नुसतं टांगलेलं राहिलं असतं.

अजून एक. पॅनल सगळ्यात चांगलं वापरणारे आमचे सर बदलीने यावलला गेले, नवीन आलेल्या मॅडमचं ट्रेनिंग कुठल्याच निधीत बसत नाही. त्यामुळे ट्रेनिंग एका शाळेपुरतं मागू नका, अख्ख्या केंद्राचं मागा, म्हणजे कोणी कुठेही गेलं तरी शेजारच्या शाळेत विचारायला माणूस असेल.