नव्या शाळेसमोरचा रस्ता ज्यांनी प्लॅन केला त्यांच्या कामाचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

शाळेची नवीन बिल्डिंग तयार झाली तेव्हा आम्ही सगळे पालक वर्ग बघून आलो, मैदान बघून आलो, टॉयलेटं सुद्धा बघितली, पण गेटच्या बाहेरचा रस्ता कोणी नीट बघितलाच नव्हता. तो आधी जसा होता तसाच होता. १२ मीटर रुंद, सरळसोट, मध्ये काही अडथळा नाही त्यामुळे गाड्या सुसाट. मग हा रस्ता सुधारायचं काम एका डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंट फर्मला मिळालं आणि पालकांच्या बाजूने त्यांच्याशी बोलणाऱ्यांत मी पहिल्या मीटिंगपासून होते. सर्व्हे, नकाशा, ट्रायल, पक्कं काम आणि त्यानंतरची एक अख्खी शाळेची टर्म असं सगळं बघून झालंय म्हणून आता लिहिते. ज्यांच्याकडे नवीन शाळा होतेय त्यांना उपयोग होईल.

सुरुवात चांगली नव्हती. सर्व्हेला माणसं आली ती सकाळी अकराला, म्हणजे पोरं वर्गात आणि रस्ता रिकामा. त्यांनी गाड्या मोजल्या, रुंदी मोजली, फोटो काढले आणि गेले, आणि पहिला नकाशा आला त्यात गाड्यांसाठी सगळं होतं, लेन, वळण, पार्किंगचे चौकोन, आणि चालत येणाऱ्या पोरांसाठी एक झेब्रा आणि दोन बोर्ड. आम्ही म्हटलं की शाळा भरायच्या वीस मिनिटं आधी या आणि सुटायच्या वेळी या, आणि गाड्या मोजताय तसं रस्ता ओलांडणारी पोरंही मोजा, कुठून ओलांडतात ते नकाशावर टिंब टिंब करून मांडा. इथे त्यांना मार्क द्यायलाच पाहिजेत कारण ते खरंच आले, एकदा नाही, चार दिवस आले. त्यांच्यातली एक इंजिनियर पार्क केलेल्या गाडीच्या बाजूला उकिडवी बसली, पहिली-दुसरीतल्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि तिथून समोरून येणारी गाडी दिसते का बघितलं. काहीच दिसत नव्हतं, फक्त बाजूच्या गाडीचं बोनेट. ड्रायव्हरलाही ते पोर दिसत नाही, ते एकदम रस्त्यावर आल्यावरच दिसतं. त्या दिवसानंतर प्लॅन बदलला.

पहिला बदल म्हणजे क्रॉसिंगच्या अलीकडे पलीकडे गाडी उभी करायची जागाच काढून टाकली. तिथे फूटपाथ रस्त्यात पुढे आणला आणि खांब लावले, म्हणजे नुसता 'नो पार्किंग'चा बोर्ड नाही, गाडी घुसूच शकत नाही. बोर्डावर भिस्त ठेवू नका हे मी सगळ्यांना सांगते, शाळा सुटायच्या घाईत बोर्ड कोणी वाचत नाही. अमेरिकेत होबोकेन नावाचं शहर आहे, तिथे चौकाच्या कोपऱ्यांवरचं पार्किंग काढून कोपरे मोकळे करायचं काम वर्षानुवर्षं चाललंय, आणि २०१७ पासून सलग सात वर्षं त्या शहराच्या रस्त्यांवर अपघातात एकही मृत्यू झाला नाही. तिथे बाकीचे उपायही केलेत, वेगमर्यादाही कमी केली, पण दिसणं मोकळं करणं हा त्यातला मोठा भाग.

आता फूटपाथ पुढे आणल्यामुळे आणखी काय झालं ते सांगते, कारण मीटिंगमध्ये सगळ्यात जास्त विरोध यालाच होता, रस्ता अरुंद कशाला करताय म्हणून. त्यांनी हिशोब मांडून दाखवला आणि तो मला फार पटला. लहान पोर सेकंदाला साधारण एक मीटर चालतं असं धरा. १२ मीटर रस्ता म्हणजे १२ सेकंद. ५० च्या स्पीडने येणारी गाडी तेवढ्यात जवळपास १६५ मीटर येते, म्हणजे त्या पोराला १६५ मीटर लांबची गाडी बघून ठरवायचंय की जाऊ का थांबू. सात-आठ वर्षांच्या पोराला येणाऱ्या गाडीचा वेग कळतच नाही, गाडी लांब आहे का जवळ एवढंच ते बघतं. तेच क्रॉसिंग ७ मीटरचं केलं आणि गाड्या ३० वर आणल्या की ७ सेकंद आणि ६० मीटरच्या आत. ६० मीटरवरची गाडी पोराला नीट दिसते, १६५ वरची त्याच्या हिशोबातच नसते. हे ऐकल्यावर विरोध करणारे बरेच जण गप्प झाले आणि त्यातले दोघं नंतर आमच्या बरोबर ट्रायलला उभे राहिले.

३० च का, २५ किंवा ४० का नाही, असंही कोणीतरी विचारलं होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जिथे चालणारी माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर आहेत तिथे ३० च्या वर नको, आणि २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हेच आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने तर १९९२ मध्येच मोठे रस्ते सोडून सगळ्या शहराला ३० लावलं. पण मला जे लक्षात राहिलं ते हे, की ३० वरची गाडी, ड्रायव्हरला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असं धरून, कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० वरची गाडी त्याच १३ मीटरमध्ये ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते. म्हणजे पोर १३ मीटरवर समोर आलं तर एक गाडी थांबलेली असते आणि दुसरी पूर्ण वेगात धडकते. हे समजल्यावर मी स्वतः गाडी चालवताना शाळेच्या आसपास काट्याकडे बघायला लागले.

बोर्ड लावून ३० होत नाही, रस्ताच तसा बनवावा लागतो. त्यांनी तो छोटा, टोकदार, गचकन आदळणारा स्पीड ब्रेकर नाही केला, त्याने दुचाकीवर मागे बसलेलं पोर उडतं आणि पाठीत कळ येते. लांब, हळू चढणारा केला, साधारण पावणेचार मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच, हे माप इंग्लंडमधल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात ट्रायल करून काढलेलं आहे. ३० ने गेलात तर फक्त झोका बसतो, जोरात गेलात तर मात्र चांगलाच दणका. आणि मेन गेटसमोरचं क्रॉसिंगच फूटपाथच्या उंचीला उचललं, म्हणजे पोरं खाली उतरत नाहीत, गाडीच चढून येते. हे सगळ्या कामातलं मला सगळ्यात आवडलेलं.

ट्रायल हा भाग पूर्ण पाच मार्कांचा. आधी पेंट, कोन आणि रबरी खांब लावून दोन आठवडे सगळं करून बघितलं, मगच काँक्रीट. त्या दोन आठवड्यात कळलं की कोपरा इतका आवळलाय की स्कूल बस वळताना मागचं चाक फूटपाथवर चढतंय, जिथे पोरं उभी असतात तिथेच. कोपरा आवळायचं कारण बरोबर होतं, मोठं गोल वळण असलं की गाड्या स्पीड कमी न करता वळतात. मग बसच्या ड्रायव्हरलाच बोलावलं, रिकामी बस चार-पाच वेळा फिरवली, खडूने चाकाची रेघ काढली आणि त्या रेघेवर नवीन कोपरा बसवला. ड्रायव्हरदादा म्हणाले इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कोणी विचारलं.

आता दीड मार्क कुठे कापला.

एक, पाणी. क्रॉसिंग उचललं की रस्त्याच्या कडेने वाहणारं पाणी त्या उंचवट्याला अडतं, हे कुठल्याही रस्तावाल्याला माहीत असलं पाहिजे, चढाच्या बाजूला क्रॉसिंगच्या आधीच जाळीचं चेंबर पाहिजे किंवा खालून पाइप पाहिजे. नकाशात चेंबर होतं पण ते उताराच्या बाजूला दाखवलं होतं आणि तसंच बांधलं. पहिल्याच मोठ्या पावसात क्रॉसिंगच्या तोंडाशी घोटाभर तळं झालं आणि पोरं ते टाळायला क्रॉसिंग सोडून पलीकडून, उभ्या गाड्यांच्या मधून जायला लागली. म्हणजे ज्यासाठी एवढं केलं तेच बाद. फोन केल्यावर लगेच आले, चूक मान्य केली, पण दुरुस्तीला सहा आठवडे लागले आणि ते सहा आठवडे आम्ही रोज आळीपाळीने तिथे उभे राहिलो. माझा यावर अजून राग आहे.

दोन, रॅम्प. शाळेत व्हीलचेअरवर येणारा एक मुलगा आहे, आणि नातवंडांना सोडायला येणाऱ्या आजी-आजोबांपैकी बऱ्याच जणांच्या हातात काठी असते. उंची १५ सेंटिमीटर असेल तर १ ला १२ च्या चढाने रॅम्प १८० सेंटिमीटर लांब पाहिजे. साइड गेटजवळ बांधला तो जेमतेम ६०. तो मुलगा त्याच्या आईच्या मदतीशिवाय चढूच शकत नव्हता. आणि अंधांसाठीच्या त्या उठावाच्या फरश्या, ज्या जपानमध्ये ओकायामाला १९६७ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या, त्यात उभ्या पट्ट्या म्हणजे चालत रहा आणि गोल ठिपके म्हणजे थांब, इतकी साधी भाषा आहे, तर इथे उभ्या पट्ट्यांची रांग नेऊन दिव्याच्या खांबाला टेकवली होती. काम करणाऱ्या मिस्त्रीला कोणी अर्थच सांगितला नसेल तर तो तरी काय करणार, दोष देखरेखीचा आहे. दोन्ही आता नीट केलंय.

तीन, आणि यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं, ड्रॉप-ऑफ. त्यांनी गेटला लागून गाड्या थांबायला खास खाच ठेवली, पालकांची सोय म्हणून. सोय दिसते पण होतं काय, पाच गाड्यांची जागा आणि सगळ्यांना तिथेच यायचंय, मग डबल पार्किंग, रस्त्याच्या बाजूचं दार उघडणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्स घेणं, नेमकं जिथे सगळ्यात जास्त पोरं जमतात तिथेच. आम्ही म्हणत होतो की खाच दोनेकशे मीटर लांब न्या, तिथून पोरं चालत येऊ देत, तेवढं चालता येतं सगळ्यांना, आणि ज्याला चालता येत नाही त्याच्यासाठी एक राखीव जागा गेटपाशी ठेवा. आणि शाळा भरताना-सुटताना अर्धा तास गेटसमोरचा तुकडा गाड्यांना बंदच करा. ही काही आमची कल्पना नाही, इटलीत बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळेसमोरचे रस्ते वेळेपुरते बंद करतात आणि नंतर लंडन-पॅरिसमध्येही शेकड्याने असे रस्ते झाले. समोर राहणाऱ्यांची हरकत होती आणि ती बरोबरच होती, आपल्या घरी जायला अडवणूक नको, म्हणून त्यांच्या गाड्या आणि ॲम्ब्युलन्स सोडायच्या, चालण्याच्या वेगाने, असं ठरलं. फर्म आधी तयार नव्हती, ट्रॅफिक मागच्या रस्त्यावर जाईल म्हणाले. शेवटी एक महिना करून बघू यावर आलं, आणि आता ते चालू आहे. उचलून बाजूला ठेवता येणारं बॅरिकेड आणि दोन पालक. सकाळी त्या अर्ध्या तासात तिथे गाड्यांचा आवाज नसतो आणि पोरं बोलताना ऐकू येतात, माझी लेक आता माझा हात सोडून मैत्रिणींबरोबर पुढे चालते आणि मी तिला थांबवत नाही.

पेंटचं थोडक्यात, झेब्र्याचे पट्टे एका टर्ममध्ये पुसट झालेत, पुन्हा कधी आणि कोण मारणार हे करारात आधीच लिहून घ्या. एका बोर्डावर झाडाची फांदी आलीय.

एक गोष्ट अजून बाकी आहे. त्यांचा सगळा प्लॅन गेटपासून दोन्ही बाजूंना शंभरेक मीटरचा, पण पोरं काही गेटवर उगवत नाहीत. डेन्मार्कमध्ये ओडेन्सला १९७० च्या दशकात शाळेच्या वाटा सुरक्षित करायचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी मुलांनाच विचारलं की तुम्ही कुठून येता आणि कुठे भीती वाटते. आम्ही तेच केलं, चौथीच्या वर्गाला नकाशा देऊन लाल खुणा करायला सांगितल्या. निम्म्याहून जास्त लाल खुणा एकाच ठिकाणी आल्या, मागच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे फूटपाथ संपतो आणि भिंतीला चिकटून चालावं लागतं. तो कोपरा नकाशाच्या कागदात बसतच नव्हता. पुढच्या भेटीला फर्मच्या माणसांनी गाडी लांब लावून त्या गल्लीतून, शाळा भरायच्या वेळी, पोरांबरोबर चालत यायचं कबूल केलंय. तारीख ठरली की इथेच लिहीन, आणि तो कोपरा झाला तर अर्धा मार्क वाढवीन.