सर्च कन्सोल: हापूसच्या बागेची वेबसाइट असेल तर

रत्नागिरी-देवगडकडचे बरेच बागायतदार आता पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकतात आणि त्यासाठी आठ-दहा पानांची वेबसाइट करून घेतात. ती गूगलवर दिसते का, कुठल्या शब्दांना दिसते, हे मात्र पुढे कुणी बघत नाही. ते बघायचं साधन गूगलनेच फुकट दिलं आहे. २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत, आता सर्च कन्सोल म्हणतात. दरमहा पैसे मोजून एसईओचं (शोधात वर येण्याच्या कामाचं) दुसरं टूल घेण्याआधी छोट्या वेबसाइटने हे पिळून काढावं, असं आमचं मत आहे. त्यातले काही रिपोर्ट सोन्यासारखे आहेत, काही छोट्या वेबसाइटच्या उपयोगाचे नाहीत, आणि एक आकडा हमखास चुकीचा वाचला जातो.

वेबसाइट सर्च कन्सोलला जोडताना दोन पर्याय दिसतात. त्यातला ‘डोमेन’ निवडा. डोमेन जिथून विकत घेतलं तिथल्या डीएनएस (डोमेनचा ठावठिकाणा सांगणाऱ्या) सेटिंगमध्ये गूगलने दिलेली टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, ओळ टाकायची, की वेबसाइटचे सगळे पत्ते एकाच ठिकाणी मोजले जातात. पडताळणी झाली म्हणून ती ओळ काढून टाकू नका, हक्क जातो. अडचण येते ती डोमेन वेबसाइटवाल्याच्या नावावर असलं की. मग ‘यूआरएल प्रीफिक्स’ निवडून पानाच्या कोडमध्ये टाकायच्या मेटा टॅगने काम भागवावं लागतं, आणि थीम (वेबसाइटचं रूप) बदलली की तो टॅग उडतो. कुठलीही पद्धत घ्या, पण ‘ओनर’ म्हणून बागेच्या मालकाचा स्वतःचा जीमेल असलाच पाहिजे.

पहिला रिपोर्ट बघायचा तो पेजेसचा, म्हणजे किती पानं गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधसूचीत) आहेत आणि बाकीची का नाहीत. ‘एक्सक्लूडेड बाय नोइंडेक्स’मध्ये (‘सूचीत घेऊ नका’ अशी खूण असलेल्या पानांत) मुखपृष्ठच दिसलं तर वर्डप्रेसच्या (वेबसाइट बनवण्याच्या प्रचलित साधनाच्या) सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा. वेबसाइट बनत असताना सर्च इंजिनांना दूर ठेवण्यासाठी केलेली खूण तशीच राहिलेली असते. साइटमॅपसाठी (पानांच्या पत्त्यांच्या यादीसाठी) वेगळं प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेस तो स्वतःच बनवतं, फक्त त्याचा पत्ता इथे द्यायचा.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ ही नोंद जास्त बोलकी आहे. गूगलने पान वाचलं, पण ठेवून घेण्याजोगं वाटलं नाही, असा तिचा अर्थ. ‘पुण्यात हापूस’, ‘ठाण्यात हापूस’, ‘नाशिकमध्ये हापूस’ अशी शहराचं नाव बदलून केलेली पानं इथे हटकून सापडतात. अशा पानांना गूगलच्या नियमांत डोअरवे (नुसती दारं) म्हणतात आणि ती स्पॅममध्ये मोजली जातात. ती काढून पोचवणीचं एकच पान करा: कुठल्या शहरात कुठल्या वारी गाडी जाते, पेटी चार डझनाची की सहा, फळाचं वजन काय, वाटेत डागी निघालेल्या फळाचं काय करता. ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’चं बटण रोज दाबून पान आत येत नाही. एकदा दाबा, दोन आठवडे थांबा.

मराठी मजकुराचे दोन दोष याच साधनात पकडता येतात. माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडून करून घेतलेलं असतं आणि तोच मजकूर श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या जुन्या फॉन्टमधून उचलून वेबसाइटवर चिकटवलेला असतो. फॉन्ट जोडलेला असल्याने डोळ्यांना मराठी दिसतं, पण गूगलला ती रोमन अक्षरांची निरर्थक रांग असते. यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये (एकेका पानाच्या तपासणीत) ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ करून ‘व्ह्यू टेस्टेड पेज’ उघडा आणि तिथल्या एचटीएमएलमध्ये (पानाच्या कोडमध्ये) स्वतःचं एक वाक्य शोधा. देवनागरीत सापडलं तर ठीक, नाहीतर सगळा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या देवनागरीत) करून घ्या. दरपत्रक जेपीजी चित्रात असेल तर ते वाक्य तिथे नसणारच.

दुसरा दोष पानाच्या पत्त्याचा. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा पत्त्यात ९ चिन्हं खाते. ‘हापूस आंबा घरी कसा पिकवायचा’ हे साधं शीर्षक घ्या. अक्षरं आणि मात्रा मिळून २३, म्हणजे २०७ चिन्हं, वर चार आडव्या रेघा. पत्ता ‘पिकवाय’पाशी तुटतो आणि ‘चा’ गळून पडतो. अशा पत्त्याने क्रमांक घसरेल असं नाही, पण व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ दिसते आणि लोक ती उघडायला कचरतात. प्रसिद्ध करण्याआधीच दोन-तीन शब्दांचा रोमन पत्ता द्या. नंतर बदलायचा झाला तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) हवंच. वर्डप्रेस जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप नेतं ते ‘पोस्ट’ला, ‘पेज’ला नाही, आणि बागेच्या वेबसाइटवर जवळजवळ सगळी ‘पेज’च असतात.

आता या साधनाचा खरा गाभा, परफॉर्मन्स रिपोर्ट. लोकांनी काय टाइप केलं तेव्हा आपलं पान दिसलं, ते इथे त्यांच्याच शब्दांत मिळतं. नुसत्या ‘हापूस आंबा’ या शब्दांवर मोठ्या विक्री पोर्टलांशी झुंजण्यात छोट्या बागेने दिवस घालवू नयेत. इंप्रेशन (पान शोधात किती वेळा दिसलं ते) भरपूर आणि सरासरी क्रमांक ८ ते २० मधला, अशा ओळी वेगळ्या काढा. ‘साका म्हणजे काय’, ‘अढी कशी घालतात’, ‘पायरी आणि हापूस फरक’ असे प्रश्न तिथे आले, तर ती आपली जागा. मोठं पोर्टल वर्षभर शंभर वस्तू विकतं. कापलेल्या फळातला पांढरट, स्पंजासारखा साका जवळून दाखवणारा फोटो आणि तो फळ न कापता बाहेरून का कळत नाही याचा खुलासा बागायतदारच देऊ शकतो. ज्या पानावर ती शोधओळ येते त्याच पानात उत्तर घाला, शीर्षकात लोकांचा शब्द घ्या, आणि पेटीच्या पानावरून तिकडे दुवा द्या. एकाच प्रश्नावर तीन पानं काढलीत तर ती आपापसांत भांडतात.

चुकीचा वाचला जातो तो सरासरी क्रमांक. पान नव्या शोधांत पन्नासाव्या जागी दिसू लागलं की सरासरी बिघडते, जरी जुन्या शोधांतली तिसरी जागा कायम असली तरी. म्हणून सरासरी एकेका शोधाची बघा, सगळ्या वेबसाइटची नको. फार कमी लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, त्यामुळे यादीतल्या क्लिकची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. त्यात बिघाड शोधू नका.

कोअर वेब व्हायटल्सचा (पान किती झटपट आणि स्थिर दिसतं त्याचा) रिपोर्ट छोट्या वेबसाइटला बहुधा रिकामाच दिसतो, कारण तो खऱ्या वापरकर्त्यांच्या आकड्यांवर चालतो आणि तेवढी वर्दळ नसते. त्याऐवजी गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्समध्ये पान तपासा. मुख्य चित्र २.५ सेकंदांच्या आत यायला हवं. मोबाइलमधून थेट चढवलेला चार-पाच एमबीचा पेटीचा फोटो हे उशिराचं नेहमीचं कारण. १२०० पिक्सेल रुंदी आणि २०० केबीच्या आत आणा, आणि सर्वात वरच्या चित्राला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच चित्र आणणं) लावू नका.

नकाशातल्या निकालांसाठी मात्र हे साधन नाही. तिथे बिझनेस प्रोफाइल (गूगलवरची धंद्याची नोंद) लागतं, आणि गूगल तिथे सुसंगती, अंतर आणि ठळकपणा बघतं. अंतर आपल्या हातात नाही, त्यामुळे देवगडची बाग पुण्याच्या नकाशात वर येणार नाही. त्यासाठी पुण्यातला खोटा पत्ता टाकणं किंवा नावात ‘बेस्ट हापूस’ घुसडणं म्हणजे प्रोफाइल निलंबित होण्याची तयारी. पुण्याचं गिऱ्हाईक वेबसाइटच्या पानांनीच मिळवावं लागेल. प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइटही गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा डोमेन स्वतःचंच हवं.

हंगामी धंद्याला एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. इथे १६ महिन्यांचा डेटा राहतो. या एप्रिलची तुलना गेल्या एप्रिलशी होते, त्याच्या आधीच्या हंगामाशी नाही. म्हणून जूनमध्ये पेट्या संपल्या की मार्च ते मे अशी तारीख लावून शोधओळी आणि पानं दोन्ही एक्सपोर्ट करा आणि फाइलला वर्षाचं नाव द्या. एका वेळी १००० ओळीच उतरतात, पण आठ-दहा पानांच्या वेबसाइटला तेवढ्या पुरतात.