पोटाला रिंग बसवून "अर्धं वजन उतरतं" म्हणले अन् आमच्या अक्काला फसवलं

ज्यांच्या घरात कोणी वजनाच्या ऑपरेशनचा विचार करायलंय त्यांनी हे वाचा, लांब झालंय पण पूर्ण वाचा.

माझी मोठी बहीण परभणी जिल्ह्यात राहती, आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. 2013 ला तिचं वजन होतं 112 किलो, उंची 158 सेंटिमीटर, शुगर नुकतीच निघालेली अन् गुडघ्यानं जिना चढू देईना. त्या साली परभणीला एका मंगल कार्यालयात लठ्ठपणाचं मोफत शिबिर झालं. वजन फुकट, शुगर फुकट, वरून चहा बिस्कीट. डॉक्टर कोणी आलेलेच नव्हते, टाय घातलेला एक पोरगा होता तो स्वतःला कोऑर्डिनेटर म्हणायचा. त्यानं अक्काला सांगितलं, "मावशी, पोटाला फक्त एक रिंग बसवायची, कापाकापी काहीच नाही. वजन 50 ते 60 टक्के उतरतं. तुम्ही 112 वरून वर्षात सरळ 56 वर येताल, अन् परत वाढायचा विषयच नाही, रिंग जन्मभर आत राहती." दाजी म्हणले मेडिक्लेमचं काय, तर म्हणे ते आमच्यावर सोडा, पास करून देतो.

आता हे टक्के नीट समजून घ्या कारण सगळा खेळ इथंच आहे. 50 टक्के हा आकडा काही हवेतला नाही, पण तो एकूण वजनाचा नसतोच, तो जादा वजनाचा असतो. अक्काच्या उंचीला बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 25 धरला तर वजन पाहिजे साधारण 62 किलो, म्हणजे जादा झालं 50 किलो, त्याचे अर्धे 25. 112 मधून 25 गेले की राहतेत 87. ते पण सगळं व्यवस्थित झालं, डॉक्टर जागेवर राहिले अन् फॉलोअप वेळच्या वेळी झाला तर. कुठं 56 अन् कुठं 87! त्याच्या पत्रकावर मोठ्या लाल अक्षरात "50 ते 60 टक्के" होतं, कशाचे टक्के ते कुठंच नव्हतं. फोटो पण होते, आधीचे अन् नंतरचे, पण नंतर म्हणजे किती महिन्यांनी ते लिहिलेलं नव्हतं, अन् पाच वर्षांनंतरचा तर एकही फोटो नव्हता.

पॅकेज साडेतीन लाखाचं. अक्कानं पाटल्या मोडल्या, उरलेलं पतसंस्थेतून काढलं. ऑपरेशन तेव्हाच्या औरंगाबादला एका खाजगी दवाखान्यात झालं, सर्जन मुंबईहून महिन्यातून एकदा यायचे. ऑपरेशनला काही नाव ठेवायचं नाही, दुर्बिणीतून झालं अन् तिसऱ्या दिवशी ती चालायली. क्लेम मात्र रिजेक्ट झाला, लठ्ठपणाचा उपचार पॉलिसीत बसत नाही म्हणून. (आता नियम बदललेत, पण तरी बीएमआय 40 किंवा जास्ती पाहिजे, नाहीतर 35 किंवा जास्ती अन् सोबत कंट्रोल न होणारी शुगर, हृदयाचा त्रास असं काहीतरी मोठं पाहिजे, आधी बाकीचे उपाय करून बघितलेले पाहिजेत. पॉलिसीत स्वतः वाचा, एजंटला विचारू नका.)

ही रिंग म्हणजे सिलिकॉनचं कडं. पोत्याचं तोंड सुतळीनं आवळावं तसं जठराचा वरचा भाग आवळतेत, वर जेमतेम 15 ते 30 मिलीची पिशवी राहती, त्यामुळं थोड्याच घासात पोट भरल्यासारखं वाटतं. त्या कड्याला एक नळी असती अन् नळीच्या टोकाला कातडीखाली पोर्ट. पोर्टमध्ये एका खास सुईनं सलाईन सोडलं की कडं आवळतं, काढून घेतलं की ढिलं होतं. याला फिल म्हणतेत, अन् हे फिल वर्षानुवर्षं करत राहावं लागतं, हे आम्हाला शिबिरात कोणी सांगितलंच नाही. पहिलं फिल पॅकेजात होतं, पुढच्या प्रत्येकाला पाच हजार, वर गाडीभाडं वेगळं.

दुसऱ्या वर्षी अक्का 89 वर आली. म्हणजे 23 किलो कमी, खरं बघितलं तर या ऑपरेशनच्या हिशोबानं चांगलाच रिझल्ट होता तो, पण डोक्यात 56 बसलेलं ना! घरात सगळ्यांना वाटलं ऑपरेशन फेल गेलं. कोऑर्डिनेटरला फोन लावला तर तो उलट तिलाच, "मावशी तुमचं तोंड बंद नाही, चोरून खाताल तर कसं उतरंल." ती बाई भाकरीचा पाव तुकडा खायची हो! लई रडली त्या दिवशी. मग त्यानंच सुचवलं की अजून टाईट करू, अन् 56 गाठायच्या नादात फिलवर फिल झाले. मग भाकरी अडकायली, वरणभात अडकायला, जेवताना उठून फेसाची उलटी करायची अन् परत येऊन बसायचं, रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी. जे घशाखाली उतरंल ते खायचं म्हणून ती आईस्क्रीम, बासुंदी, दुधात बुडवलेली बिस्किटं यावर आली. रिंग घट्ट पदार्थ अडवती, पातळ अन् गोड सरळ खाली जातं, त्याला कोणतीच रिंग अडवत नाही. वजन परत चढायला लागलं, शुगर पण.

अन् नेमकं तेव्हा सर्जनचं येणं बंद झालं. कोऑर्डिनेटरचा नंबर बंद. दवाखान्यात म्हणले ते व्हिजिटिंग होते, आमचा संबंध नाही. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो तर त्यांनी पहिलं विचारलं रिंग कोणत्या कंपनीची अन् कोणत्या मॉडेलची, कारण कशात 4 मिली मावतं, कशात 10, कशात 14. ते स्टिकर पेशंटच्या फाईलला लावून द्यायचं असतं, आमच्याकडं नव्हतं, मग माहिती नसताना हात कोण लावणार.

शेवटी 2022 ला उलट्या थांबेचनात. बेरियम (एक्सरेत दिसणारं पातळ औषध) पाजून एक्सरे काढला तर रिंग सरकलेली. पुण्याला नेऊन काढून घेतली, दीड लाख अजून गेले. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा आम्हाला सगळं खरं सांगितलं. ऑस्ट्रेलियात पॉल ओब्रायन यांच्या टीमनं 15 वर्षं पेशंट बघून 2013 ला अभ्यास छापला, त्यात जादा वजनापैकी 47 टक्के टिकून कमी राहिलेलं, पण ती माणसं कायम फॉलोअपमधली, अन् त्यांच्यात सुद्धा दुसऱ्यांदा ऑपरेशन बऱ्याच जणांना लागलं. ब्रुसेल्सचा 2011 चा अभ्यास तर सांगतो की बारा वर्षांच्या पुढं जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात ती रिंग राहिलीच नव्हती. म्हणजे आमच्या शिबिराच्या दोन वर्षं आधी हे छापून आलेलं होतं! अमेरिकेत तर 2011 च्या डिसेंबरमध्येच तिथल्या एफडीएनं (औषधं अन् उपकरणांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) कॅलिफोर्नियातल्या सर्जरी सेंटरना अन् जाहिरात करणाऱ्या कंपनीला नोटिसा दिल्या होत्या, रिंगच्या जाहिरातीत धोके नीट सांगत नाहीत म्हणून. आता बहुतेक ठिकाणी रिंग मागं पडली, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढायचा) अन् बायपास (जठर लहान करून आतड्याला जोडायचं) हीच ऑपरेशनं जास्ती करतेत. पण शिबिरं तीच, पत्रकं तीच अन् टक्के पण तसेच लिहितेत, म्हणून हे लिहायलोय. माझं म्हणणं ऑपरेशन वाईट आहे असं नाही, लोकांना फायदा होतो. खोटा आकडा सांगून केलं की चांगला रिझल्ट सुद्धा माणसाला वाया गेल्यासारखा वाटतो अन् त्यापायी नको ते करून घेतो.

वकिलाकडं पण गेलो. त्यांनी पावत्या बघितल्या तर निम्म्या पैशाच्या पावत्या दवाखान्याच्या नव्हत्याच, त्या शिबिरवाल्या एजन्सीच्या नावानं होत्या, अन् एजन्सीचा पत्ता म्हणजे रिकामा गाळा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आमचा काळ कोणत्या तारखेपासून मोजायचा यावरच वाद आहे, बघू. पैसे देताना पावती कोणाच्या नावाची आहे ते बघा, "इतके टक्के वजन उतरतं" म्हणले तर ते कशाचे टक्के अन् किती वर्षांनंतरचं ते लिहून मागा, फिल किंवा फॉलोअप कोण करणार, किती पैशात, ते पण. दवाखान्याकडं लेखी अर्ज दिला तर 72 तासांच्या आत कागदपत्रं द्यायचा नियम आहे, 2002 पासूनचा. ज्यांच्या पोटात आत्ता रिंग आहे अन् स्टिकर नाही त्यांनी त्रास व्हायची वाट न बघता आजच अर्ज टाका, नंतर दवाखाने बंद होतेत, रेकॉर्ड सापडत नाही.

अक्का सध्या 103 वर आहे, सकाळी ग्राउंडला चालती, भाकरी नीट खाती. पुण्याच्या डॉक्टरांनी बायपासचा पर्याय दिला होता, तिनं हात जोडले. अर्जाचा नमुना कोणाला पाहिजे असंल तर मेसेज करा, वकिलानं टाईप करून दिलेला आहे माझ्याकडं.