वाईतील जुन्या वाड्यात अकरा महिने: राहून पाहिल्यानंतरचा अनुभव

गेल्या वैशाखात आम्ही पुण्यातील दोन खोल्यांची सदनिका सोडून वाईला सासरच्या वाड्यात राहायला आलो. आम्ही म्हणजे मी, यजमान, ७६ वर्षांच्या सासूबाई आणि दोन मुले. यजमानांचे काम घरून चालते, सासूबाईंचा जीव पुण्यात रमत नव्हता आणि वाडा जवळजवळ वीस वर्षे बंद होता. गौरी-गणपतीला दोन दिवस उघडायचा, झाडलोट व्हायची आणि पुन्हा कुलूप लागायचे. वडिलोपार्जित वाडे असलेले अनेक परिचित आम्हाला विचारतात की तिथे खरोखर राहता येते का. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

मुलांना वाड्याचे आकर्षण होते ते गुप्त वाटांचे. सासऱ्यांच्या पिढीपासून घरात एक भुयार कृष्णेच्या घाटापर्यंत जाते अशी वदंता आहे, आणि वाईत असा भुयाराचा दावा न करणारा वाडा शोधूनच काढावा लागेल. पहिल्याच आठवड्यात मुलांना ते ‘सापडले’. मुख्य दरवाजाच्या बाजूच्या भिंतीत हाताच्या पंजाएवढे चौकोनी भोक होते, त्यात काठी घातली तर चार-साडेचार हात सहज आत जात होती. सासूबाईंनी ते पाहिले आणि त्या हसतच सुटल्या. ते अडसराचे घर होते. रात्री दार लावले की भिंतीतून सागवानी अडसर ओढून समोरच्या भिंतीतील खोबणीत बसवायचा आणि दिवसा परत भिंतीत ढकलायचा. अडसर माळ्यावर सापडला, तेलपाणी केल्यावर सरकूही लागला. बाहेरून तो कोणत्याही किल्लीने उघडता येत नाही. म्हणून उशिरा घरी येणाऱ्याला दिंडी, म्हणजे मोठ्या दरवाजातले छोटे दार, वाजवून कुणाला तरी उठवावे लागते, हा त्याचा एकमेव दोष.

माजघराच्या जाड भिंतीत एक अरुंद जिना आहे, एका वेळी एकच माणूस वाकून चढू शकेल एवढा. त्याच्या डोक्यावर फळीचे झाकण असून ते वरून बंद करता येते. शेजारच्याच भिंतीत बळद आहे, म्हणजे दोन भिंतींमध्ये धान्य साठवण्यासाठी ठेवलेली पोकळी. वरून धान्य ओतायचे आणि खालच्या तोंडातून काढायचे. ते तोंड कुणीतरी गिलाव्याने बुजवले होते. ठोकल्यावर भिंत पोकळ वाजली, तेव्हा घरातील प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला, हे कबूल केले पाहिजे. यजमानांनी तर १८७८ चा गुप्तधनाचा कायदा वाचून काढला: जमिनीत किंवा जमिनीशी जखडलेल्या वस्तूत दडवलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. बळदातून निघाली ती दोन घमेली माती, पोखरलेल्या ज्वारीचा भुगा आणि उंदरांची जुनी घरटी. जिल्हाधिकाऱ्यांना कळवले नाही.

खरा धडा आषाढात मिळाला. महाबळेश्वरच्या मानाने वाईला पाऊस फारच कमी, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. एका रात्री तीन तास जोराची सर आली आणि चौकात गुडघ्याएवढे पाणी साठले. ते ओसरीच्या कडेला लागले, तेव्हा आम्ही बादल्यांनी उपसू लागलो. पहाटे नागपूरला राहणाऱ्या चुलत सासऱ्यांना फोन केला. ते ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी विचारले, “तुळशीवृंदावनामागची फरशी उचललीत का?” तिथे मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा कोबा करून टाकला होता. तो पहारीने फोडला, खालची घडीव फरशी दोघांनी मिळून सरकवली आणि पाणी गर्रकन फिरून खाली जाऊ लागले. आत दगडी बांधणीचा झाकलेला पाट आहे, लहान मूल रांगत जाईल एवढा, आणि तो परसातून उताराने नदीच्या बाजूला जातो. घाटापर्यंत जाणारे भुयार म्हणतात ते हेच असावे, असे माझे मत आहे. सासूबाईंना हे मत मान्य नाही.

त्यानंतर मी एक नियमच केला की वाड्यातील कोणतीही विचित्र वस्तू, खाच, भोक किंवा उंचवटा दिसला, तर तो बुजवण्यापूर्वी नागपूरच्या या काकांना विचारायचे. तो नियम मला थोडा उशिरा सुचला. आल्याआल्या आम्ही उत्तरेकडील भिंतीला एका ठेकेदाराकडून सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. ती भिंत पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची, सुमारे अडीच फूट जाडीची. अशी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून ती बाहेर सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली, ओल आतच वर चढली आणि श्रावणात भिंतीला कमरेपर्यंत लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागला. भाद्रपदात गिलाव्याचे पोपडे पडले. दिवाळीनंतर सगळे खरवडून पुन्हा चुन्यात करून घ्यावे लागले. चुना मुरवायला वेळ लागतो, त्यात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालणारा गवंडी मिळवायला त्याहून अधिक लागतो, आणि खर्च सिमेंटच्या जवळजवळ तिप्पट आला. मार्च कोरडाच जातो, त्यामुळे भिंत खरोखर सुधारली का, हे पुढच्या पावसाळ्यातच कळेल.

माळ्यावर अडसराशेजारी लाल कापडात बांधलेले कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, होते, सगळे मोडीत. वाचणारे एक गृहस्थ मिळाले. एका कागदावर ‘सन तिसा सबैन मया व अलफ’ असा काळ होता. त्यांनी समजावून सांगितले की हे शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतील एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेले आहे: नऊ, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७९, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७८-७९ येते. घरात लगेच वाडा पेशवाईतला असल्याचे जाहीर झाले. कागद वाड्यात सापडला म्हणून वाडा त्याच वर्षीचा ठरत नाही, आणि छप्पर तर नक्कीच नाही, कारण ते मंगलोरी कौलांचे आहे आणि मंगळुरात ती कौले बनवण्याचा पहिला कारखानाच १८६५ चा. कागदात राजकारण काहीही नव्हते. ‘पेवातील जोंधळा ३ खंडी ७ मण’ असा हिशेब होता; पेव म्हणजे धान्य साठवण्याचा जमिनीतला खड्डा. खंडीचे वीस मण आणि मणाच्या बारा पायल्या धरल्या, तर ८०४ पायल्या ज्वारी. मला विचाराल, तर खजिन्यापेक्षा हे वाचून अधिक आनंद झाला.

त्या कागदामुळेच मागच्या पडवीतील पोकळ वाजणाऱ्या फरशीचा उलगडा झाला. खाली मुरमात खोदलेले पेव आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे अनेकांना ऐकून ठाऊक असतील. हे तसेच, पण लहान. अशा बंद पेवात विषारी हवा साठते आणि माणसे गुदमरून दगावतात, म्हणून आम्ही प्रथम दोरीने कंदील सोडला. तो अर्ध्यावरच विझला. मुलांचा भुयारशोध त्या क्षणी संपला. आता तिथे लोखंडी जाळी बसवली आहे.

रोजच्या राहण्याबद्दल थोडक्यात सांगते. उन्हाळ्यात माजघरात दुपारी पंखाही लागत नाही. भिंतींमुळे इंटरनेट एका खोलीतून दुसरीत जात नाही, म्हणून तीन ठिकाणी यंत्रे लावावी लागली. शौचालय परसात होते, ते सासूबाईंसाठी पडवीला लागून नवे बांधले. आल्यावर हे काम सर्वांत आधी करावे. झाडलोटीला रोज दीड तास जातो आणि माकडे कौले फोडतात. मिळकत पत्रिकेवर अकरा नावे आहेत, त्यामुळे मोठ्या दुरुस्तीला अकरा जणांची संमती लागते. ती मिळवणे हे वाळवी घालवण्यापेक्षा कठीण काम आहे.

माडीवरची एक खोली काकांच्या वाट्याची असून त्यांच्याच कुलपात आहे. तिच्यावरची कौले फुटली आहेत आणि मृगापूर्वी ती बदलायची, तर आतून वासे पाहावे लागतील. काकांनी आनंदाने संमती दिली आणि वीतभर लांबीची किल्ली टपालाने पाठवली. ती त्या कुलपाला लागत नाही. सासूबाईंनी ती हातात घेऊन ओळखली: ती दिंडीच्या जुन्या कुलपाची किल्ली आहे, जे आम्ही गेल्या वैशाखात, पहिल्याच दिवशी, तोडून टाकले होते.