गाडीच्या फोटोंसाठी सीपीएल फिल्टर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दिवाळीत ५८ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर घेतला, म्हणजे सगळे ज्याला सीपीएल म्हणतात तो: लेन्सपुढे लावायची, कडीसकट फिरणारी, चमक कमी करणारी काच. आता पावसाळा लागला, तेव्हा लिहायला हरकत नाही. कॅमेरा कॅननचा जुना डीएसएलआर, लेन्स १८-५५ आणि ५५-२५० मिमी (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ). दोन्हींना ५८चाच फिल्टर बसतो, त्यामुळे एकात भागलं. गाडी घरचीच, गडद निळी. गडद गाडी धुऊन-पुसून उन्हात उभी केली की फोटोत गाडी कमी आणि गल्ली जास्त येते: विजेचा खांब, समोरचं पत्र्याचं शेड, पांढरं आभाळ आणि दारावर कॅमेरा धरून उभे आपण.

गाडी हा वाकवलेला आरसा आहे. फिल्टर घ्या न घ्या, आधी गाडीत काय उमटतंय ते बघायची सवय लावा. साताऱ्यात मला सगळ्यात चांगला उजेड मिळतो तो यवतेश्वरच्या वाटेवर, सूर्य डोंगराआड गेल्यावर. ऊन नसतं, पण आभाळ अजून उजळ असतं, आणि दारावरून एकच लांब, मऊ उजेडाची रेघ जाते. दुपारी बाराला तीच गाडी, तोच फिल्टर, तरी फोटो टाकाऊ.

आता फिल्टरचं काम. काचेवरून आणि रंगावरच्या क्लिअर कोटवरून, म्हणजे पारदर्शक थरावरून, येणारी चमक बरीचशी ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारी असते, कडी फिरवली की ती अडते. पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांत तिरपं बघितलं तर परिणाम सगळ्यात जास्त, अगदी समोरून बघितलं तर जवळजवळ शून्य. पुढच्या काचेवर हे बघण्यासारखं आहे. कडी हळूहळू फिरवत गेलं की आभाळाचा पांढरा पडदा सरकतो आणि आतलं स्टिअरिंग, सीटची शिलाई, डॅशबोर्डवरचा गणपती सगळं दिसायला लागतं. एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण गाडीचा प्रत्येक पत्रा वेगळ्या कोनात असतो. बॉनेट साफ झालं की दार चमकतं, दार साफ केलं की बॉनेट पांढरं. ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता कडी वेगवेगळी फिरवून दोन-तीन फोटो काढायचे आणि नंतर एडिटिंगमध्ये लेयर लावून, म्हणजे एकावर एक ठेवून, जोडायचे, हाच उपाय. क्रोमच्या पट्टीवर मात्र फिल्टर काही करत नाही, धातूची चमक तशीच राहते. आणि सगळीच चमक मारू नका. पूर्ण कडी फिरवलेली गाडी प्लास्टिकची वाटते, पत्र्याची घडी, उतार काही कळत नाही. मी अर्ध्यावर थांबतो.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन केलेल्या असतात. काच कडक करताना तिच्यात जो ताण राहतो, तो पोलरायझरमधून ठिपक्यांच्या जाळीसारखा दिसतो, कधी इंद्रधनुषी पट्टेही येतात. मित्राने फोटो बघून विचारलं, "मागची काच फुटली होती का रे?" पुढची काच थरांची, लॅमिनेटेड, तिच्यावर सहसा हे दिसत नाही. मागून फोटो काढताना मी फिल्टर उतरवतोच.

१८-५५ची जुनी आवृत्ती असेल तर फोकस करताना पुढची कडी फिरते आणि फिल्टरही सोबत फिरतो. आधी फोकस, मग फिल्टर. चाळकेवाडीला पवनचक्क्या मागे घेऊन १८ मिमीवर काढलं तर निळं आभाळ एका बाजूला गडद, दुसरीकडे फिकं येतं, तिथेही फिल्टर नको. तसंही गाडीला १८ मिमी नकोच. जवळ जाऊन काढलं की नाक फुगतं, मागचा भाग आकसतो. दहा-बारा पावलं मागे जा, ६०-७० मिमीवर या, हेडलाइटच्या उंचीला खाली बसा, आणि पुढची चाकं अशी वळवा की टायरची नक्षी नाही, रिम दिसेल. एवढ्याने जो फरक पडतो तो कुठल्याही फिल्टरने पडत नाही.

फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). संध्याकाळी हातात धरून काढणं अवघड, पण चालत्या गाडीचं पॅनिंग करताना, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढताना, दिवसाही १/६० किंवा १/३० सेकंदाचा शटर मिळतो, चाकं फिरताना दिसतात. फिल्टरची आणखी एक तक्रार: पावसात लेन्सवर अडकून बसतो. कडीभोवती रबरबँड गुंडाळून पिळला की सुटतो.

एडिटिंग मी रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर करतो. हायलाइट खाली, शॅडो थोडं वर, व्हाइट बॅलन्स डांबराचा राखाडी रंग बघून. गडद निळ्यावर सॅच्युरेशन वाढवलं की रंग जांभळ्याकडे जातो, त्याला हात लावत नाही. धुक्यातल्या फोटोवर डीहेझ (धुकं कमी करणारा स्लायडर) जोरात ओढणारे बरेच दिसतात. धुकं पण जातं आणि साताराही जातो. स्नॅपसीड या मोबाइल अॅपचं हीलिंग (डाग पुसायचं साधन) रस्त्यावरचा कागद, दारावरचा चिखलाचा थेंब काढायला उत्तम, अख्खा खांब काढायला नाही. खांब नको होता तर फोटो घेतानाच दोन पावलं सरकायचं होतं.

साताऱ्याजवळचं कास २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. फुलांच्या पठारावर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांना कळकळीने सांगतो, रस्त्यावरूनच काढा. लांब लेन्सने मागचं पठार जवळ येतं.

मावसभावाला गाडी विकायची होती. म्हणाला, "दादा, तुझा फिल्टर लावून चकाचक काढ." समोरचे फोटो तसेच काढले. दाराचे मात्र फिल्टर उतरवून, शेडमधल्या ट्यूबलाइटखाली. पोचा असेल तिथे पत्र्यावरची ट्यूबची सरळ रेघ वाकते, आणि घेणाऱ्याला तेच बघायचं असतं. डाव्या दारावर ती वाकली होती. तो फोटोही जाहिरातीत टाकायला लावला.

फक्त मोबाइल असेल तरी हा फिल्टर चालतो. लेन्ससमोर सपाट धरा, बोटाने फिरवा, स्क्रीनवर बघत थांबा.