ऑल-इनच्या डावात साइड पॉट गिळला जातो तेव्हा

खासगी टेबलावरच्या पोकरच्या एका डावात मला हक्काच्या चिप्स (पैशांऐवजी लावायच्या चकत्या) नाकारण्यात आल्या. ही लबाडी पत्त्यांत नव्हे, तर पॉटच्या, म्हणजे डावात लावलेल्या चिप्सच्या ढिगाच्या, हिशेबात होती. तीच युक्ती इतर टेबलांवरही सहज चालू शकते, म्हणून हा अनुभव आकड्यांसकट मांडत आहे.

त्या डावात आम्ही चौघे होतो. एकाने 100 चिप्स लावून नंतर पत्ते टाकून दिले. दुसऱ्याने आपल्या उरलेल्या 400 चिप्सनिशी ऑल-इन केले, म्हणजे होत्या तेवढ्या सगळ्या लावल्या, मी 1500 चिप्सनिशी ऑल-इन केले आणि ज्याच्यापुढे 2300 चिप्स होत्या त्या चौथ्याने माझे 1500 कॉल केले, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावल्या. पत्ते उघडल्यावर 400 वाल्याकडे फुल हाउस (एकाच किमतीचे तीन पत्ते आणि एक जोडी), माझ्याकडे फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) आणि चौथ्याकडे दोन जोड्या निघाल्या; हात, म्हणजे पत्त्यांची जुळणी, याच उतरत्या क्रमाने मोठे. डीलरचे काम करणाऱ्या यजमानाने मधला 3500 चिप्सचा ढीग दोन्ही हातांनी ओढून फुल हाउसवाल्यापुढे सारला आणि त्याच झटक्यात पत्तेही गोळा केले.

नियम असा आहे की, ज्याने जेवढे लावले तेवढेच तो प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडून जिंकू शकतो. त्यामुळे तिघांचे प्रत्येकी 400 आणि पत्ते टाकणाऱ्याचे 100 मिळून मेन पॉट (मुख्य ढीग) 1300 चा होतो, आणि फुल हाउसवाल्याचा हक्क तिथेच संपतो. माझे आणि चौथ्याचे उरलेले प्रत्येकी 1100, म्हणजे 2200 चा साइड पॉट, फक्त आम्हा दोघांमधला होता. फ्लश दोन जोड्यांपेक्षा वरचढ असल्याने तो माझा होता. सर्वांत मोठ्या हाताकडून हरूनही मी त्या डावात 700 चिप्सने पुढे असायला हवा होतो. प्रत्यक्षात मला टेबलावरून उठवण्यात आले.

मी मोजणी मागितली, तेव्हा "ज्याचा हात मोठा, त्याचा सगळा पॉट" असे ठासून सांगण्यात आले आणि लगेच पुढचे पत्ते पिसायला घेतले. ही घाई निरागस नव्हती, असे माझे ठाम मत आहे, कारण नवा डाव सुरू झाला की आधीच्या डावाबद्दलची तक्रार सर्वसाधारणपणे ग्राह्य धरली जात नाही. चौथा खेळाडू गप्प राहिला, त्यातच या लबाडीचे बळ आहे: त्याचे 1500 दोन्ही हिशेबांत गेलेलेच होते, त्यामुळे ढीग कोणाकडे जातो याच्याशी त्याला देणेघेणे उरले नव्हते. चूक दाखवण्यात रस असलेला मी एकटाच होतो, आणि जिंकणारा यजमानाचा नेहमीचा जोडीदार असल्याचे मला नंतर दुसऱ्या एका खेळाडूकडून कळले.

म्हणून दोनपेक्षा जास्त खेळाडू डावात असताना कोणी ऑल-इन केले, की पत्ते उघडण्याआधीच त्याच्या चिप्स मोठ्याने मोजायला लावाव्यात आणि मेन पॉट व साइड पॉट यांचे ढीग डोळ्यांदेखत वेगळे करून घ्यावेत. निकाल देताना आधी साइड पॉट आणि शेवटी मेन पॉट असा क्रम धरला, तर लहान ऑल-इनवाल्याच्या हाती सगळा ढीग जाण्याची वाटच बंद होते. साइड पॉट दिला जाईपर्यंत आपले पत्ते उघडे ठेवून त्यांवर हात ठेवावा. गोळा झालेल्या पत्त्यांवरून फ्लश सिद्ध करता येत नाही.